उदक म्हणजे पाणी

‘बालककेंद्री शिक्षण’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले ते कुठल्या पुस्तकात नव्हे, एका परिपत्रकात. सरकारी कारकुनाच्या वाट्याला ज्ञान असंच येतं, जावक क्रमांक आणि तारखेसकट! मूल मध्यभागी, शिक्षक त्याचा मित्र आणि मार्गदर्शक, खेळातून शिक्षण, भयमुक्त वातावरण… वाचायला बरं वाटलं. नोंद केली आणि फाईलला लावलं. पुढे बरीच वर्षं हे शब्द माझ्या टेबलावरून येत-जात राहिले. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून तर त्यांची ये-जा फारच वाढली. तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा, असं त्या धोरणानं ठरवलं आणि ज्या वयाकडे कार्यालयांत कुणी फारसं वळून पाहत नव्हतं त्या वयाचे कागद भराभर फिरू लागले.

पण या शब्दांचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न मला पडला तो सिल्वासाला. आणि तोही एका साध्या शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘उदक’.

सिल्वासा म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या माणसांना १९५४ आठवतं. २ ऑगस्ट १९५४ ला हे गाव पोर्तुगिजांच्या हातून सुटलं, गोव्याच्या सात वर्षं आधी. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी हे आपले लोक त्या लढ्यात होते आणि पुण्याहून गेलेल्यांत सुधीर फडके होते, हे नवं सांगायला नको. पण माझं सिल्वासाशी नातं इतकं ऐतिहासिक नाही. माझी धाकटी बहीण तिथं राहते. भावोजी तिथल्या एका धाग्याच्या कारखान्यात आहेत. मडगावहून गाडीत बसायचं, वसई रोडवरून गाडी गुजरातच्या दिशेनं निघाली की सामान आवरायला घ्यायचं आणि वापीला उतरायचं. तिथून सिल्वासा वीसेक किलोमीटर.

दादरा आणि नगर हवेली हा मुलूख तसा लहानच. बहात्तर गावं, ४९१ चौरस किलोमीटर, साधारण आमच्या सत्तरी तालुक्याएवढा. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण आणि दीवला जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३ लाख ४३ हजार ७०९ होती आणि त्यात निम्म्याहून अधिक आदिवासी, वारली, कोकणा, धोडिया. पण शहरात फिरताना कानावर पडतं ते वेगळंच. बाजारात गुजराती (त्यांच्या तोंडी गावाचं नाव ‘सेलवास’), कारखान्यांच्या फाटकाशी हिंदी, चाळींत भोजपुरी, उडिया, खानदेशाकडची अहिराणी. खानवेल, दुधनीच्या बाजूला गेलं की वारली. सरकारी शाळाही गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या आहेत. आपण गोव्यात दोन-तीन भाषांवरून इतकी वर्षं भांडतो आहोत, इथले लोक इतक्या भाषांत शांतपणे भाजी विकत घेतात, याचं मला पहिल्या खेपेला मोठं कौतुक वाटलं होतं.

या कौतुकाची दुसरी बाजू भाच्यामुळे कळली.

भाचा साडेचार वर्षांचा. आमच्या घरात बोलायचं कोकणीत आणि वाचायचं-लिहायचं मराठीत. गोव्यात याचं कुणालाच नवल वाटत नाही, बाहेर मात्र समजावून सांगताना दमछाक होते. भाचा अर्थातच कोकणी बोलायचा, आणि नुसतं बोलायचा नाही, अखंड बोलायचा. फोनवर ‘मामा, हें कितें, तें कितें’ ऐकून माझे कान किटायचे. गेल्या जूनमध्ये त्याला घराजवळच्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गात घातलं. महिन्याभरानं बहिणीचा फोन आला, ‘दादा, हा बोलेनासा झालाय.’ शाळेत तर नाहीच, आता घरीही नाही. हवं ते बोटानं दाखवतो. डॉक्टरांनी तपासलं, कान चांगले, घसा चांगला.

कारण सापडलं ते शाळेतल्या मावशींकडून. वर्गात चाळीस मुलं. दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या भिंतीवरच्या उंच फळीवर. सुट्टी होईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, कारण एकानं मागितली की चाळीसजण मागतात. पहिल्याच आठवड्यात यानं उभं राहून ‘उदक’ म्हटलं. बाईंना कळलं नाही. त्यांना वाटलं, हा उदय नावाच्या कुणा मित्राला हाक मारतोय. ‘इथं उदय कुणी नाही, बस खाली,’ असं त्यांनी हिंदीत सांगितलं. मुलं हसली. यानं आणखी दोनदा मागितलं म्हणे. मग मागायचं सोडून दिलं. मग बोलायचंच सोडून दिलं.

त्या बाईंना दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं, आणि तीच खरी अडचण. कुणी मारलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. भिंतीवर रंगीत चित्रं होती, कोपऱ्यात खेळणी होती, फलकावर ‘मॉन्टेसरी’ असं लिहिलेलं होतं. परिपत्रकातल्या सगळ्या अटी पूर्ण. फक्त एका मुलाला तहान लागली होती आणि त्याचा शब्द तिथं चालत नव्हता.

घरात दोन तट पडले. बहीण म्हणत होती, वर्षभर याला गोव्याला आजीकडे ठेवूया, तिथं अंगणवाडीत जाईल, पुन्हा बोलायला लागेल. भावोजींचं म्हणणं वेगळं. आणि खरं सांगतो, ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, ‘दादा, माझी नोकरी आज सिल्वासाला, उद्या दहेजला, परवा कुठं कोण जाणे. मातृभाषेतून शिकवा म्हणतात. इथं कोकणी शाळा कुठून आणू? गुजरातीत घातलं आणि बदली झाली तर? सगळीकडे मिळणारी एकच शाळा, इंग्रजी. चार महिने गप्प राहील, पाचव्या महिन्यात शिकेल. आणि बापाशिवाय वर्षभर आजीकडे राहणं हे काय मुलाच्या भल्याचं?’ मला निवाडा करायला बोलावलं होतं. मी अर्जित रजा टाकून गेलो खरा, पण निवाडा काही सुचेना.

गोव्यात आपण हा प्रश्न कसा सोडवतो? माध्यमाचा वाद घालून. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांतून आमच्या आईवडिलांची पिढी शिकली. पुढे प्राथमिक शाळांचं अनुदान फक्त प्रादेशिक भाषांना, असं धोरण आलं. २०११ साली इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि रान पेटलं. मोर्चे, सभा, अग्रलेख सगळं आपण पाहिलं. त्या वादात माझीही मतं होती आणि आहेत. पण सिल्वासाच्या त्या दोन खोल्यांच्या घरात बसून पाहिलं तेव्हा ध्यानात आलं की त्या सगळ्या गदारोळात ‘वर्गात मुलानं पाणी मागितलं तर बाईला कळेल का’ हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाळेचं माध्यम कोकणी केलं तरी कन्नड बोलणारं मूल तहानलेलं राहू शकतं. मराठी केलं तरी वारली मूल.

वारली मुलावरून आठवण झाली ती कोसबाडची. प्रवासात वाचायला मी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ घेऊन गेलो होतो. नकाशा पाहिला तर काय, कोसबाड जवळच! सिल्वासाहून भिलाडच्या बाजूनं महामार्गाला लागायचं, तलासरी ओलांडली की डहाणू तालुका. भावोजींना रविवारी सुट्टी होती. त्यांना म्हटलं, चला. रविवार असल्यानं मुलं नव्हती, शाळा बंद होती. पण झाडं, शांत वर्ग आणि चिकूच्या बागांमधून जाणारा रस्ता पाहिला. तिथं एका दगडावर बसून मी भावोजींना पुस्तकातली आणि इतर वाचलेली गोष्ट सांगितली. ती इथंही सांगतो.

गोष्ट सुरू होते भावनगरला. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. मारिया मॉन्टेसरींचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. भरघोस मिशा असलेल्या या माणसाला लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. तिथं ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. शहरातल्या सुखवस्तू घरांतली मुलं, मॉन्टेसरीची साधनं, सगळं छान चाललेलं. पण मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह मुळात कुठं निघालं होतं? १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेंझो या मजुरांच्या गरीब वस्तीत. गरिबांच्या मुलांसाठी निघालेली पद्धत आपल्याकडे पैसेवाल्यांची झाली, हे ताराबाईंना खुपत असणार. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्याच वर्षी तिथं रुजू झाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी असा त्यांचा तोवरचा प्रवास.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. वस्तीवरची, पाड्यांवरची गरीब मुलं काही येईनात.

इथं मी कारकून म्हणून थबकलो. आमच्या कार्यालयात असं झालं असतं तर काय लिहिलं गेलं असतं ते मला तोंडपाठ आहे: ‘पालकांच्या उदासीनतेमुळे लाभार्थी उपस्थित राहू शकले नाहीत.’ फाईल बंद. या दोघींनी उदासीनता कुणाची ते उलटं पाहिलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात जाईल. वस्तीवर जायचं, अंगण झाडायचं, मुलांना न्हाऊ घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे आणि मग तिथंच गाणी, गोष्टी, खेळ. यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती आली. मोजायला गुंजा आणि चिंचोके असले तर विलायतेहून आणलेले मणी कशाला हवेत?

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आलं, वारल्यांच्या मुलखात. इथं मुलं न येण्याचं कारण आणखी वेगळं. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असायची, तिनं यायचं कसं? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. मुलगा गुरांमागे रानात असायचा. मग शिक्षक गुरांमागे गेले, ती कुरणशाळा. गुरं चरताहेत, झाडाखाली मुलं बसली आहेत आणि समोर खडू-फळ्याऐवजी रान आहे. अनुताई १९९२ साली वारल्या. म्हणजे १९४५ पासून सत्तेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

भावोजी हे ऐकत होते. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. ‘पण त्या शिकवायच्या कुठल्या भाषेत?’ मी म्हटलं, मराठीत. ‘आणि मुलं बोलायची वारली?’ हो. ‘मग बघ,’ ते म्हणाले, ‘त्यांनाही दुसऱ्याच भाषेत शिकवावं लागलं ना!’

त्या दगडावरच मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते भावोजींच्या प्रश्नातूनच. खरंच, वारली ही या दोघींची भाषा नव्हती. शाळेचं माध्यमही वारली नव्हतं. मग त्यांच्या शाळेत मूल गप्प का झालं नाही? कारण त्या मुलाच्या अंगणात गेल्या होत्या. मूल काय खातं, काय गातं, कशाला घाबरतं, लग्नात भिंतीवर चौक लिहितात तो कसा, तारपा वाजला की पाय कसे पडतात, हे आधी त्या शिकल्या आणि मग मूल त्यांच्याकडून मराठी शिकलं. दोन्हीकडून रस्ता होता. माध्यम सरकार ठरवतं, संस्था ठरवते, कधी बापाची बदली ठरवते. पण आपला कान कुणासाठी उघडा ठेवायचा ते बाईच ठरवते.

बालककेंद्री शिक्षणाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. मूल मध्यभागी आलं म्हणजे शिक्षक बाजूला झाला, आता त्याला काम कमी. मुलं खेळतील, आपण पाहायचं! मॉन्टेसरीबाईंनी शिक्षिकेला शिक्षिका न म्हणता वेगळं नाव दिलं, संचालिका म्हणावं तसं. तिनं शिकवायचं कमी, निरीक्षण करायचं जास्त. पण निरीक्षण म्हणजे नुसतं बघत बसणं नव्हे. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर लक्ष्मीराम आठवा. तो वर्षभर प्रयोग करायची परवानगी घेऊन चौथीच्या वर्गात जातो. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहानं शांततेचा खेळ घेतो, आणि मुलं असा काही दंगा करतात की बिचाऱ्याची त्रेधा उडते. पद्धत पुस्तकात बरोबर, वर्गात फसलेली. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. मला यातली मेख अशी वाटते की लक्ष्मीराम पद्धतीला चिकटून राहिला नाही, समोरच्या मुलांकडे पाहून त्यानं पद्धत सोडली. तास घेणाऱ्या शिक्षकाला धडा ठाऊक असला की पुरतं. बालककेंद्री शिक्षकाला धडा ठाऊक हवा आणि त्याहून जास्त मूल ठाऊक हवं. काम दुप्पट झालं, कमी कुठं झालं?

आम्ही कोसबाडहून परतलो. गोव्याला पाठवायचं की नाही यावर निवाडा झाला नाही, पण बहिणीनं एक काम केलं. वहीच्या कागदावर बारा कोकणी शब्द हिंदी अर्थासह लिहिले. उदक म्हणजे पाणी. जेवण, शी-शू, दुखतं, भीती वाटते, आई, असे बारा. तो कागद घेऊन ती शाळेत गेली. मीही बरोबर होतो. मला वाटलं होतं, बाई म्हणतील, असे चाळीस आयांचे चाळीस कागद मी कुठं ठेवू? आणि तसं म्हणाल्या असत्या तर तेही चूक नव्हतं.

बाई तरुण होत्या. खानवेलच्या बाजूच्या. घरची भाषा वारली, शाळा गुजरातीत झालेली, आता शिकवायचं इंग्रजीत. त्यांनी कागद वाचला आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हिंदीत म्हणाल्या, ‘मी स्वतः पहिलीत तीन महिने बोलले नव्हते.’

वर्गातली मुलं त्यांना कमी करता येणार नव्हती, अभ्यासक्रम बदलता येणार नव्हता. जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाटल्या उंच फळीवरून खाली, मुलांचा हात पोचेल अशा बाकावर आणल्या. चाळीसजण एकदम पाणी पितील ही भीती चार दिवसांत संपली म्हणे. पाचव्या दिवशी कुणाला नवलाई उरली नाही. आणि एक दिवस त्यांनी खेळ घेतला. प्रत्येकानं आपल्या घरी पाण्याला काय म्हणतात ते सांगायचं. पाणी, पानी, पाणी, पानी… जवळजवळ सगळा वर्ग तेच म्हणाला! एका मल्याळी मुलीनं ‘वेळ्ळम’ सांगितलं. आणि शेवटून तिसऱ्या बाकावरून आमचा दिवटा, बऱ्याच आठवड्यांनी, म्हणाला, ‘उदक.’ वर्गाला हे दोन शब्द इतके आवडले की दिवसभर वेळ्ळम आणि उदक चाललं होतं, असं बहीण सांगते.

इथं ‘आणि मग सगळं छान झालं’ असं लिहायचा मोह होतो. तसं झालेलं नाही. तो बोलतो, पण पूर्वीइतका नाही. अनोळखी माणसासमोर अजून बोटच दाखवतो. बहीण आणि भावोजींचा वाद मिटला नाही, वर्षभर पुढे ढकलला आहे. आणि पुढच्या जूनमध्ये वर्ग बदलेल, बाई बदलतील. बारा शब्दांचा कागद जुन्या कपाटाच्या दारावरच राहील. बहीण म्हणते, पुन्हा लिहीन. लिहील ती. पण जी आई शाळेत जायला बिचकते तिचं काय?

त्या बाईंनी जे केलं त्याची नोंद कुठं झाली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मी नोंदींवर जगणारा माणूस आहे. मध्यंतरी काही काळ माझ्याकडे अंगणवाड्यांचे मासिक अहवाल एकत्र करायचं काम होतं. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ताराबाई-अनुताईंचा शब्द सरकारी झाला. योजना मोठी, गरजेची. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारासाठी पाठवणं, आईला आहाराचं शिक्षण आणि मुलाला शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा. या सहांचा भार एका सेविकेवर. तिच्यासाठी अकरा नोंदवह्या ठरवून दिलेल्या. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाचं ॲप आलं, तेव्हा नोंद मोबाईलवर आली. वजन किती, उंची किती, आहार किती जणांना, हजर किती. या नोंदी हव्यातच, त्यांनी मुलं जगली आहेत. पण कारकुनाला एक गोष्ट ठाऊक असते. ज्याला रकाना असतो ते काम होतं, ज्याला रकाना नसतो ते मागे पडतं. मूल आज काय म्हणालं, कुणाशी खेळलं, कुणाशी नाही, पाणी कुठल्या शब्दात मागतं, याला रकाना नाही. आणि असे रकाने काढले तर तेही आम्ही ‘होय/नाही’मध्ये भरून मोकळे होऊ, हेही मला ठाऊक आहे.

मग रकाना नसलेलं काम बाई का करते? तिला काय मिळतं? अंगणवाडी सेविकेला आपण पगार देत नाही, मानधन देतो. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे हे मान्य व्हायला २०२२ साल उजाडलं, सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. खाजगी बालवर्गातल्या बाईची स्थिती बहुतेक ठिकाणी याहून बरी नाही. ज्या वयाला आपण शिक्षणाचा पाया म्हणतो त्या वयाच्या शिक्षिकेला सगळ्यांत कमी पैसे, सगळ्यांत कमी मान आणि सगळ्यांत जास्त मुलं. बालकाला केंद्रस्थानी ठेवायचं तर त्याच्यासमोर बसलेल्या बाईला इतकं कडेला ढकलून चालणार नाही. चाळीसऐवजी वीस मुलं दिली असती तर सिल्वासाच्या त्या बाईंना ‘उदक’ पहिल्याच दिवशी कळलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. दुसऱ्यांदा विचारायला त्यांच्याकडे वेळ असता.

असो. रजा संपली, मी गोव्याला परतलो. आमच्या वाड्यावरही अंगणवाडी आहे. पूर्वी तिथं वाड्यावरचीच पोरं असायची. आता वाड्यावर मुलं कमी झाली आहेत, जी आहेत ती स्कूलबसमधून इंग्रजी शाळेत जातात, आणि अंगणवाडीत बसतात ती बहुतेक बांधकामावरच्या मजुरांची, विजापूर, बागलकोटकडची. ‘आमच्या अंगणवाडीत आता आमची मुलंच नाहीत’ असं वाड्यावर बोललं जातं. मीही ते ऐकत आलो होतो. सिल्वासाहून आल्यावर ते वाक्य कानाला वेगळं लागलं. सिल्वासाच्या त्या वर्गात आमचा भाचा कोण होता?

सकाळी कामावर जाताना सेविका दारातच भेटली. तिच्या कडेवर एक तीनेक वर्षांची मुलगी होती. मी विचारलं, ही पाणी कशी मागते?

‘नीरु म्हणटा,’ ती लगेच म्हणाली. विचार करावा लागला नाही तिला.

‘तू कन्नड केव्हा शिकलीस?’

‘हांव खंय शिकलां भाई?’ ती मुलीला खाली ठेवत म्हणाली. ‘तिका तान लागता न्हय?’